दोन बाहुल्यांमधलं अंतर

मिरकोच्या दुकानात तीन प्रकार होते.
एक पुठ्ठ्याचा, ज्यात आपलाच फोन खुपसायचा.
माझ्या फोनच्या काचेवर कोपऱ्यातून निघालेली भेग
पार मधोमध पोचलीय,
म्हणजे रायेनला दिसलं असतं ते जग
आधीच तडकलेलं.
दुसरा नवाकोरा, खोक्यावर हसरं कुटुंब.
किंमत तीन हजार खेकडे.
मी पेसोत हिशेब करत नाही, पेसो घसरतात;
खेकडा सोलायला लागतो तेवढाच वेळ लागतो.
तिसरा कुणीतरी वापरून विकलेला.
त्याच्या पट्ट्यात एक लाल केस अडकला होता.

"आधी तुम्हीच लावून बघा," मिरको म्हणाला.
लावला.
फरशीवर निळी रेघ उजळली.
त्यानं जीभ चावली: आधीच्या मालकानं
आपली खोली आखून ठेवलीय, पुसायची राहिली.

केवढी खोली!
रेघ काउंटरमधून गेली, मिरकोच्या पोटातून गेली,
भिंतीतून बाहेर पडली,
जिथे वाऱ्याच्या दिवशी पुन्ता अरेनासची माणसं
दोरीला धरून चौक ओलांडतात, तिथवर गेली असेल.
मी तिच्या कडेकडेनं दोन पावलं टाकली
आणि गुडघा वॉशिंग मशीनवर आपटला.
कुणाच्यातरी दिवाणखान्यात
मी गमबूट घालून उभी होते.

आमच्याकडे शेगडी आणि पलंग यांच्यामध्ये
दीड पाऊल जागा.
अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात;
आम्ही पाय ठेवायला अंथरूण गुंडाळतो.

"कोन्स्तान्सा चंद्रावर जाऊन आली," रायेन म्हणाली,
"आणि आल्यावर तिनं पाव खाल्ला."
हे तिनं महिनाभर, रोज सांगितलंय.

मग मिरकोनं पुस्तिका उघडली. चष्मा शोधला.
भिंगांचं माप अठ्ठावन्न मिलिमीटरपासून पुढे.
"कसलं माप?"
"डोळ्यांतल्या दोन बाहुल्यांमधलं."

मी स्केल तिच्या नाकावर आडवी धरली.
माझ्याकडे बघू नकोस, लांब बघ,
रस्ता संपतो तिथल्या पाण्याकडे.
खेळायच्या बाहुल्या तिनं गेल्या वर्षी
मावसबहिणीला देऊन टाकल्या.
या दोन तेवढ्या माझ्याकडे राहिल्यात.
चोपन्न.

"चालतं हो," मिरको म्हणाला, "पोरं वाढतात."

तिचा बाप बोटीवर असताना
प्रत्येक खेकड्याच्या पाठीला माप लावायचा.
केसभर कमी भरला तरी परत पाण्यात,
कुणी बघत असो नसो.
त्यानं पुष्कळ काही सोडलं, आम्हालाही सोडलं,
ते माप मात्र नाही.
राग येतो मला त्याचा, अजून येतो,
पण त्या क्षणी माझ्या हातात
त्याचाच हात होता.

मी हेडसेट खोक्यात ठेवला.
"पुढच्या हिवाळ्यात येऊ."
"तोवर याला कुत्रं विचारणार नाही."
"मग स्वस्त होईल."

रायेन रडली नाही. काउंटरला नाक लावून तिनं विचारलं,
"वर्षभरात डोळे एकमेकांपासून किती लांब जातात?"
मिरकोनं पुस्तिका चाळली, मागून पुढे,
पुन्हा पुढून मागे.
तेवढं कुणी छापलं नव्हतं.

घरापर्यंत ती बोलली नाही.
वारा दोघींच्या मध्ये घुसून
आम्हाला वेगवेगळं ढकलत होता.
दार लावल्यावर कळलं,
मिरकोची स्केल माझ्याच खिशात राहिलीय.

चौकटीवर तिच्या उंचीच्या रेघा आहेत,
शाईच्या, खडूच्या, एक सुरीनं ओढलेली.
तिनं पेन्सिल आणली. म्हणाली,
"इथे दोन टिंबं काढ. बरोबर चोपन्न."
काढली. शेजारी तारीख घातली.

रात्री शेगडीच्या उजेडात
दार आमच्याकडे बघत होतं.
जरासं तिरळं.